डॉयलने टाकलेली केबल

“काय मोडलं?” ओलीटाबाईंनी मान वर करून ट्रकच्या खिडकीकडे पाहिलं.

“मोडलं काही नाही. लांबवर ऐकू जायला हवंय,” आर्व्हेल म्हणाला.

“ते सगळ्यांनाच हवं असतं. किती लांब?”

आर्व्हेल खाली उतरला. उत्तर देण्याआधी त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. “कॅल्डरच्या टेकडीपर्यंत. अलीकडच्या सरळ रस्त्यावरून.”

ओलीटाबाईंनी पुढे विचारलं नाही. त्या टेकडीवर कोण राहतो आणि त्याचं आर्व्हेलशी काय नातं आहे, हे त्या बाजूच्या सगळ्या गाडीवाल्यांना माहीत होतं. पेट्रोलपंपामागच्या लाकडी टपरीत बाई ट्रकवाल्यांचे एकमेकांशी बोलायचे रेडिओ लावायच्या. नवरा गेल्यावर त्याची हत्यारं त्यांनी उचलली, आणि आता लोक म्हणायचे की नवऱ्यापेक्षा बाईंचाच हात बरा.

आर्व्हेल स्ट्राउड गोठवलेल्या कोंबड्या वाहायचा. आर्कान्साच्या डोंगरातून भरायच्या, मेम्फिसला उतरवायच्या, रिकामं परत यायचं. वाटेत कॅल्डरची टेकडी लागायची. तिच्या माथ्यावर, जुन्या घराच्या पुढच्या खोलीत, त्याचा थोरला भाऊ डॉयल खिडकीशी रेडिओ घेऊन बसायचा. तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम करून डॉयलच्या छातीची पार चाळण झाली होती. पुढे काही वर्षं दोघा भावांनी एकच ट्रक पाळीपाळीने चालवला, पण मग डॉयलला शिडीच्या दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायला लागली. तेव्हापासून तो घरी होता. त्याच्या घरावर उंच खांब होता, खांबावर मोठी अँटेना होती, आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तो सांगायचा: पुलावर बर्फ धरलाय, पुढे पोलीस दबा धरून बसलाय, अमुक ठिकाणी ट्रक आडवा झालाय.

रस्त्यावर रेडिओवर कोणी खरं नाव घेत नाही. डॉयलला सगळे ‘घुबड’ म्हणायचे. आर्व्हेलचं नाव होतं ‘खेचर’. ते डॉयलनेच ठेवलेलं होतं, लहानपणी, पोरगं एकदा रुसलं की जागचं हलायचं नाही म्हणून.

आई वारली तेव्हा डॉयल तिच्या उशाशी होता आणि आर्व्हेल टेक्सासमध्ये, भरलेली गाडी घेऊन. तो माल पोचवून मगच आला. तोवर कबरीवरची माती सुकली होती. डॉयल पायरीवर उभा होता, दम खात. म्हणाला, “कोंबड्या वेळेवर पोचल्या ना? मग झालं तर. त्याच पोचव. मी हाक मारीपर्यंत ही पायरी चढू नकोस.” आर्व्हेल तसाच मागे वळला. त्यानंतर कितीतरी हिवाळे तो त्या टेकडीखालून रेडिओ बंद करून गेला.

पण या वर्षी मेम्फिसच्या उपाहारगृहात कोणीतरी सहज बोललं, की घुबडाचा आवाज फार बसलाय, मधेमधे तर बोलताच येत नाही त्याला. आर्व्हेलने पुढ्यातला मऊ पावांचा आणि रश्शाचा थाळा तसाच ठेवला. डॉयल हाक मारायची वाट बघत बसलो तर ती हाक कदाचित यायचीच नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. आपणच आधी हाक मारायची, असं त्याने ठरवलं. आणि मारायचीच तर नीट ऐकू जायला हवी.

“ये, बघ,” ओलीटाबाईंनी टपरीच्या भिंतीला टेकवलेल्या तीन अँटेना पुढे ओढल्या. “ही पोलादी छडी. सगळ्यात उंच, आवाज सगळ्यात लांब नेते. पण तुझ्या ट्रकच्या बाजूच्या आरशावर लावली तर डोक्यावरच्या प्रत्येक पुलाला नमस्कार करीत जाईल. ही काचतंतूची. आत तार गुंडाळलेली आहे, टोक वर-खाली करता येतं. आणि ही खाली जाड गुंडाळी असलेली. हिला शक्ती जास्त सोसते, पण तुझा रेडिओ साधा आहे, तू हिचं करणार काय?”

“दोन लावू का? दोन्ही आरशांवर एकेक?”

“का? शिंगं हवीत?”

“सगळे लावतात.”

“सगळे मिरवायला लावतात. अर्ध्यांची एक तर नुसती शोभेची असते, तिला तारही नसते. आणि दोन्ही खऱ्या असल्या तर आवाज रस्त्याच्या रेषेत पुढे-मागे जास्त जातो, बाजूला कमी. तुझं माणूस कुठे आहे?”

“बाजूला. वर.”

“मग एकच लाव.”

त्याने काचतंतूची घेतली. बाईंनी ती आरशाच्या कंसावर बसवली, मग ट्रक टपरीपासून दूर, मोकळ्यात उभा करायला लावला. “पत्र्याजवळ मापलं तर पत्र्याचं माप येतं, अँटेनाचं नाही. दारं लाव. तू जागेवर बस, रोज बसतोस तसाच.” रेडिओ आणि केबलच्या मधे त्यांनी छोटं मीटर जोडलं आणि पहिल्या चॅनलवर बटण दाबलं. काटा थोडासा हलला आणि थांबला. शेवटच्या चॅनलवर दाबलं. काटा तेवढाच हलला.

“झकास,” आर्व्हेल म्हणाला. “टोक हलवायचीही गरज नाही.”

बाई काट्याकडे बघत राहिल्या. त्यांनी टोकाचा स्क्रू सैल करून टोक मुद्दाम बोटभर वर ओढलं आणि पुन्हा मापलं. काटा जिथल्या तिथे.

“हे बरं नाही,” त्या म्हणाल्या.

“काय बरं नाही? काटा पार तळाशी आहे.”

“म्हणूनच. अँटेना लांब असली तर शेवटच्या चॅनलवर काटा चढतो, आखूड असली तर पहिल्यावर. काहीतरी कुरकुर करतेच ती. इतकी शहाण्यासारखी वागणारी अँटेना मी पाहिलेली नाही. तुझी केबल जुनी आहे. पाणी प्यायलीय ती.”

“काटा चांगला आहे आणि केबल वाईट?”

ओलीटाबाई ट्रकच्या पायरीवर बसल्या. समजावायला लागल्या की त्यांना घाई नसायची. “आर्व्हेल, काटा काय दाखवतो? तू पाठवलेल्यातलं किती परत आलं, एवढंच. समज, तू शेजारच्या पोरांच्या हाती आत्याकडे सफरचंदाची पाई पाठवलीस. आत्याला आवडली नाही तर ती परत येईल. परत आली नाही म्हणून तू म्हणतोस, आत्याने खाल्ली. आणि पोरांनीच वाटेत खाल्ली असेल तर?”

आर्व्हेल हसला. “पोरं तर खाणारच.”

“तुझी केबल खातेय. जाताना खाते, जे परत येईल तेही खाते. काट्यापर्यंत काही येतच नाही, म्हणून काटा गप्प. ऐकायला तुला सगळं येईल, घुबडाची अँटेना दांडगी आहे. तुझं मात्र त्याला जायचं नाही. ही काढू, नवी टाकू. दुपारपर्यंत मोकळा करते तुला.”

आर्व्हेलने केबिनच्या आत पाहिलं. ती केबल आसनाखालून, दाराच्या बिजागरीशेजारून, आरशाच्या दांड्यावरून गेली होती, आणि वीत-वीत अंतरावर काळ्या चिकटपट्टीचे वेढे होते. ते डॉयलने घातलेले होते. हा ट्रक दोघांनी मिळून घेतला त्या आठवड्यात डॉयल या आसनाखाली पालथा पडून, धापा टाकत, शिव्या घालत ती केबल ओढत होता, आणि आर्व्हेल बाहेरून टोक धरून उभा होता. “ओढ रे, खेचरा. खाण्यापुरतेच हात आहेत का?” ट्रकमध्ये डॉयलच्या हाताचं आता तेवढंच उरलं होतं.

“केबल राहू दे,” तो म्हणाला.

“काय?”

“चांगल्या हाताने टाकलेली आहे. राहू दे.”

“हात चांगला असेल. पाण्याला त्याचं काय? आरशापाशी बघ, टोकाची पट्टी फाटलीय.”

“ओलीटाबाई, तुम्हाला केबल विकायची असेल तर विका दुसऱ्या कोणाला. काटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.”

बाई उठल्या. त्यांनी टोक पुन्हा खाली बसवलं, स्क्रू आवळला आणि मीटर काढून खिशात टाकलं. “पालथ्या घड्यावर पाणी,” एवढंच पुटपुटल्या.

आर्व्हेलने आवारातच रेडिओवर विचारून पाहिलं, “कोणी ऐकतंय का?” पंपाशी उभ्या असलेल्या ट्रकमधून लगेच उत्तर आलं, “कानात ओरडतोयस बाबा, हळू.” आर्व्हेलने बाईंकडे बघून भुवया उडवल्या. बाईंनी बोट दाखवलं. तो ट्रक दगड मारला तर लागेल इतका जवळ होता.

त्याच दुपारी तो कॅल्डरच्या सरळ रस्त्याला लागला. रस्ता इथे दरीतून लांबच लांब जातो आणि पुढे डोंगर फोडून केलेल्या घळीत शिरतो. घळीत शिरलं की रेडिओ मुका होतो, आणि पलीकडे उतारावर डोंगरच मधे येतो. बोलायचं ते या पट्ट्यातच. घुबडाच्या चॅनलवर त्याने रेडिओ लावला, आणि इतक्या वर्षांनी डॉयलचा आवाज केबिनमध्ये आला. बसलेला, खरखरीत, पण तोच. कोणा लाकूडवाल्याला तो सांगत होता, “पुलावर जपून. कडेला काळा बर्फ आहे, दिसत नाही तो.”

लाकूडवाल्याने आभार मानले. चॅनल मोकळा झाला.

“घुबडा,” आर्व्हेल म्हणाला, “खेचर बोलतोय.”

नुसती खरखर.

“घुबडा, खेचर आहे. खालून चाललोय. बरा आहेस ना?”

खरखर चालूच राहिली. आणि मग डॉयल बोलला, पण दुसऱ्याच कोणाशी. “हो, गवतवाल्या, ऐकतोय. बोल.” गवतवाल्याचा आवाज आर्व्हेलला आला नाही. आला तो फक्त डॉयलचा, हसताना ठसका लागलेला. मग घळ आली.

पहिल्या खेपेला आर्व्हेलने मनाची समजूत घातली. इतक्या वर्षांचा राग, एका हाकेत कसा जाईल? दुसऱ्या खेपेला त्याने शब्द ठरवून नेले. “डॉयल,” असं चक्क खरं नाव घेतलं, सगळ्यांच्या देखत. “चुकलो मी त्या वेळी. गाडी टाकून यायला हवं होतं.” उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने डॉयलचा आवाज आला: “आज फार शांतता आहे रे. कोणी आहे का खाली?” आर्व्हेलने बटण दाबलं, “मी आहे,” म्हणाला. डॉयल म्हणाला, “कोणी नाही वाटतं.”

कोणी नाही वाटतं! ते शब्द आर्व्हेलने मेम्फिसपर्यंत चावत नेले. माणूस किती खुनशी असावा? तोंडावर दार लावणं वेगळं, आणि दारात उभ्या असलेल्याला बघून ‘कोणी नाही’ म्हणणं वेगळं. ओलीटाबाईंचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं, पण त्याने ते झटकून टाकलं. काटा त्याने पाहिला होता. आणि खरं सांगायचं तर, भावाला ऐकूच जात नाही यापेक्षा भाऊ मुद्दाम ऐकत नाही, हे मानणं त्याला सोपं गेलं. रागाला धरायला मूठ असते.

तिसऱ्या खेपेला ढग खाली आले होते आणि रस्ता ओला होता. आर्व्हेलच्या पुढेच एक ट्रक रताळ्यांच्या पेट्या घेऊन चालला होता. चालक लुइझियानाचा, बडबड्या. रेडिओवर त्याचं नावही ‘रताळं’च. सकाळपासून तो आर्व्हेलला बायकोच्या माहेरच्यांच्या गोष्टी सांगत होता.

सरळ पट्टा लागल्यावर आर्व्हेलने दोनदा हाक मारली. उत्तर नाही. रताळं तेवढ्यात घुबडाशी बोललं, पुलाचं विचारलं आणि दुसऱ्याच क्षणी उत्तर मिळवलं. शिवाय घुबडाने त्याला विचारलं, “रताळी गोड आहेत का रे या वर्षी?”

आर्व्हेलने माइक खेचून हातात घेतला. त्याने बटण दाबलं. “गोड बोलतोस रे सगळ्यांशी, घुबडा. आईच्या उशाशी बसलास म्हणून मोठा झालास काय? बसलास, कारण दुसऱ्या कशाच्या लायकीचाच राहिला नव्हतास. गाडी चालवता येईना, म्हणून सेवा केलीस. धडधाकट असतास तर तूही टेक्सासमध्येच असतास.”

बटण सोडल्यावर केबिनमध्ये फक्त वायपरचा आवाज राहिला. आपण काय बोललो हे आर्व्हेलला कळलं, आणि क्षणभर त्याला बरंही वाटलं.

मग रताळ्याचा आवाज आला. संकोचलेला, मदतीला तत्पर. रस्त्यावरची रीतच आहे. दोघांमधल्या एकाचा आवाज पोचत नसेल, तर मधल्याने निरोप पुढे द्यायचा. त्यात आपलं काही घालायचं नाही, काही वगळायचं नाही.

“घुबडा, तुला ऐकू जात नसेल, पण माझ्यामागे एक जण तुला केव्हाचा बोलावतोय. आवाज फार क्षीण आहे त्याचा, अगदी मागेच असून मला जेमतेम येतोय. खेचर म्हणतात त्याला.”

“कोण?”

“खेचर.”

मग डॉयल म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता, “खेचर? काय म्हणतोय तो? सांग, सांग लवकर.”

आर्व्हेलने बटण दाबून ठेवलं. “रताळ्या, नको. थांब. नको सांगूस.” पण रताळं तेव्हा स्वतः बोलत होतं, आणि जो बोलत असतो त्याला ऐकू येत नाही. त्याने निरोप जसाच्या तसा दिला. आई, उशी, लायकी, टेक्सास. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाला, “माफ कर, घुबडा. मी फक्त पुढे देतोय.”

पुढच्या ट्रकचे मागचे दिवे पावसात घळीच्या तोंडाशी पोचले.

“त्याला सांग,” डॉयल म्हणाला. मधेच त्याला दम खायला थांबावं लागलं. “हा चॅनल मी इतक्या वर्षांत एकदाही बदलला नाही. तो याच रस्त्याने जातो म्हणून. एवढं सांग. आता तिकडून काही आणू नकोस.”

“डॉयल!” आर्व्हेल ओरडला. “मी बोलत होतो. तीन खेपा मी बोलतोय. रताळ्या, सांग त्याला, मी आधी काय म्हणालो ते सांग. माफी मागितली मी. रताळ्या!”

रताळं घळीत शिरलं होतं. रेडिओवर फक्त खरखर होती. हमरस्ता सोडून कॅल्डरला जायची वाट आर्व्हेलच्या उजव्या हाताला आली. त्याचा हात इशाऱ्याच्या दिव्याकडे गेला. वरच्या अरुंद रस्त्यावर भरलेली गाडी चढत नाही, खाली सोडून चालत जावं लागलं असतं. पायरी चढू नकोस असं सांगितलेलं होतं. मेम्फिसला माल उतरवून घ्यायला माणसं उभी होती. तो हे सगळं मनात घोळवत राहिला तेवढ्यात वाट मागे गेली, आणि घळीच्या काळ्या भिंती दोन्ही बाजूंनी वर आल्या.

परतीच्या वाटेवर घुबडाच्या चॅनलवर कोणीच नव्हतं. आर्व्हेल ओलीटाबाईंच्या टपरीपुढे थांबला आणि खाली उतरून नुसता उभा राहिला.

“काढू?” बाईंनी विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

बाईंनी एकेक वेढा सुरीने कापला. आरशाकडचं टोक कापल्यावर त्यातून तांबूस पाणी ठिबकलं. आतलं तांब्याचं जाळं काळं पडून भुगा झालं होतं. बोटात धरलं तर चुरायचं. बाईंनी ते त्याला दाखवलं नाही, पण त्याने पाहिलं.

“मी जरा जोर करून सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही सांगितलंत.”

नवी केबल टाकल्यावर मीटर लावलं. पहिल्या चॅनलवर काटा चढला. बाईंनी टोक थोडं वर ओढलं, पुन्हा मापलं. आता शेवटच्यावर चढला. पुन्हा खाली, थोडंसंच. “बघ, आता कशी कुरकुर करतेय,” त्या म्हणाल्या. आर्व्हेल हसला नाही. जुनी केबल त्याने गुंडाळली, आणि टाकावी कुठे ते न कळून आसनामागे ठेवली.

पुढच्या खेपेला आकाश धुतल्यासारखं निवळ होतं. सरळ रस्त्यावरून टेकडी दिसत होती, माथ्यावरचं घर दिसत होतं, धुराड्यातून धूर निघत होता आणि खांबावरची अँटेना उन्हात चमकत होती. घुबडाच्या चॅनलवर डॉयल होता. एका दूधवाल्याला तो रस्ता सांगत होता, नेहमीसारखाच, सावकाश.

दूधवाला गेला. आर्व्हेलने बटण दाबलं.

“डॉयल. खेचर आहे, आर्व्हेल. केबल खराब होती. तुझीच, तू टाकलेली. मी ती काढू दिली नाही. त्याआधी मी हाका मारल्या, माफी मागितली, ते काही पोचलं नाही. पोचलं ते रागाच्या भरात बोललेलं होतं. ते खरं नाही.” तो थांबला. “खरं नाही ते. ऐकतोयस का?”

टेकडीवरून ‘खट्’ असा आवाज आला. कोणीतरी माइकचं बटण दाबलं होतं. शब्द आला नाही. आला तो श्वास, जड, छातीत घरघरणारा, आत ओढलेला आणि बाहेर सोडलेला. आर्व्हेलने गाडी हळू केली. मागच्याने भोंगा वाजवला. श्वास आणखी एकदा आत गेला, जणू आता काही बोलणार, आणि पुन्हा ‘खट्’ झालं.

“डॉयल?”

थोड्या वेळाने घुबड म्हणालं, “गवतवाल्या, बोल, ऐकतोय. पूल आज कोरडा आहे.”

आर्व्हेलने माइक मांडीवर ठेवला. कॅल्डरची वाट उजव्या हाताला आली आणि गेली. घळीच्या तोंडाशी कोणा अनोळखी माणसाचा आवाज स्पीकरमधून आला, मागून, फार लांबून, दरीच्या पार पहिल्या टोकाकडून.

“खेचरा, तू कोण आहेस ते माहीत नाही. पण काय लावलंयस रे गाडीवर? इथपर्यंत घंटेसारखा खणखणीत येतोय तुझा आवाज. शब्दन् शब्द ऐकला.”